हळदीतला जंत

माझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना जंत मी माझ्या हाताने टोचते. लग्नाच्या पंगतीत कुणी कामाचं विचारलं तर मी हे सांगत नाही, शेजारची बाई ताट घेऊन उठेल अशी भीती वाटते. पण काम तेच आहे. हैदराबादेत एका संस्थेत मी नोकरी करते. उंदराच्या कातडीखाली जंतांची बारीक पिल्लं सोडायची आणि ती फुप्फुसांतून आतड्यात उतरेपर्यंत त्याचं शरीर काय काय करतं ते पाहत राहायचं.

शरीर काय करतं? भडकतं. परका जीव आत शिरला की रक्तातल्या पेशी तिकडे धावतात, सूज येते, दाह होतो. तो व्हायलाच हवा, नाहीतर जंत घरमालकासारखे राहतील. पण त्याच पेशींपैकी काही पेशी एक प्रोटीन तयार करतात आणि त्या प्रोटीनचं काम असतं आवर घालणं. आमच्याकडे काही उंदीर असे आहेत की ज्यांच्यात ते प्रोटीन तयारच होत नाही. ते जंतांना लवकर हुसकावून लावतात. ऐकायला किती छान! पण त्या नादात स्वतःच्या फुप्फुसांची अशी वाट लावून घेतात की जंत गेले तरी श्वास धड घेता येत नाही. ज्यांच्यात ते प्रोटीन शाबूत असतं ते उंदीर जंतांना जास्त दिवस वागवतात आणि आपले दाणे कुरतडत बसतात.

मला पहिले उंदीर जवळचे वाटतात. मलाही स्वस्थ बसवत नाही. फोनवर बोलताना मी घरभर चालते, रांगेत उभी असले की पुढच्याच्या खांद्यावरून डोकावते, आणि राग आला की तो संध्याकाळपर्यंत ठेवत नाही, तिथेच काढून मोकळी होते. माय म्हणते, देवानं हिच्या पायाला भिंगरी बांधूनच खाली सोडलं. बापूही तसेच. आमच्या दोघांच्या भांडणात मायने कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही. ती चहा टाकायची, आणि चहा होईपर्यंत भांडण कशावरून होतं तेच आम्ही विसरायचो.

तर त्या वर्षी श्रावण सरता सरता बापूंचा खोकला फोनवर ऐकू यायला लागला. आमचं गाव चुडावा स्टेशनाच्या पलीकडे, थोडी हळद, थोडं सोयाबीन, दोघांचं पोट भरून चार लोकांना देता येईल एवढं. बापू म्हणायचे, "काई न्हाई बाई, जरा कफ हाय." पण वाक्य मध्येच तुटायचं आणि त्या तुटलेल्या जागी छातीतली शिट्टी वाजायची. मी चालत चालत गच्चीवर गेले, गच्चीवरून खाली आले.

एक दिवस मायने फोन घेतला. म्हणाली, "तू फिकर करू नको. पूर्ण्याच्या दवाखान्यात सुई घेतली की त्यायला बरं वाटायलंय."

"कोणती सुई?"

"ती न्हाई का, पांढरी. दुधावाणी."

मी जिथे होते तिथेच थांबले. दुधासारखी पांढरी सुई म्हणजे बहुतेक स्टिरॉइड. दम्याच्या माणसाला ते वरदान आहे, यात वाद नाही. शरीरात भडकलेला दाह ते विझवतं. पण दाह कशासाठी पेटला होता हे न बघता विझवला तर काय होतं, ते बघण्यातच माझी इतकी वर्षं गेलेली. मी मायला विचारलं, बापूंच्या अंगाला खाज येते का? ती म्हणाली, खाज कसली, कमरेला नागीण उठली होती, गेरू लावलाय. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गाडीत बसले.

बापू ओसरीत बाजेवर पुढे वाकून बसलेले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून. सदऱ्यात माणूस शोधावा लागेल इतके वाळलेले. मला बघून उठायला गेले आणि खोकल्याने परत खाली बसवलं. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी पहिलं वाक्य बोलले ते गेरूबद्दल.

"हे कुणी फासलं?"

"नागिणीला गेरूच लावत्यात," बापू म्हणाले. "तिचं तोंड अन् शेपूट एक झालं की माणूस खलास."

मी ओल्या फडक्याने तो गेरू पुसून काढला. बापू ओरडत होते, माय दारात उभी राहून "आगं हळू" म्हणत होती. खाली नागीण नव्हती. फोड नव्हते. एक लालसर, किंचित उठलेली, वाकडीतिकडी रेघ होती, कमरेवरून मांडीकडे गेलेली. मी तिच्या टोकाशी पेनाने खूण केली. बापू म्हणाले, "आता माज्यावर लिहायलीस का?" जेवणं झाली, भांडी घासून झाली, मी परत बघितलं. रेघ खुणेच्या पुढे सरकली होती. कातडीखाली काहीतरी चालत होतं.

रोग हल्याला अन् इंजेक्शन पखालीला, म्हणजे आजारी रेडा आणि औषध त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पखालीला, ही म्हण आमच्याकडे रेडा दिसला नाही तरी रोज वापरतात. मला त्या दिवशी ती मोठ्याने म्हणावीशी वाटली.

आता इथे हळदीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात हळदीच्या वावरात पायताण चालत नाही. हळद देवाला वाहायची, नवरीच्या अंगाला लावायची, तिच्यात चपला घालून कसं शिरायचं? चपला बांधावर लिंबाखाली काढायच्या आणि अनवाणी आत. आजूबाजूचे लोक आता खुशाल बूट घालून खुरपतात, पण बापूंनी हा नियम सोडला नाही, आणि बापूंनी सोडला नाही म्हणून मायनेही नाही. लागवडीपासून खुरपणीपर्यंत पावसाळाभर दोघांचे पाय त्या ओल्या सऱ्यांत. आणि बांधापलीकडे लोक सकाळी टमरेल घेऊन जातात, हे सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. जोराचा पाऊस झाला की तिकडचं पाणी हळदीतूनच ओढ्याला उतरतं.

एक जंत आहे, तो अशा मातीतून तळपायाच्या कातडीने आत शिरतो. रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, घशातून पोटात. इतर जंत कधीतरी म्हातारे होऊन मरतात. हा मरत नाही, कारण याची पिल्लावळ माणसाच्या आतच वाढत राहते, वीस वर्षं, तीस वर्षं. शरीर त्याला मारू शकत नाही, पण दाबून ठेवतं. आणि वरून स्टिरॉइड दिलं की दाबून ठेवणारा हातच निघून जातो. मग तो आतड्यातून सुटतो आणि जिथे वाट मिळेल तिथे जातो, सोबत आतड्यातली घाण रक्तात नेतो. त्यातून वाचलेले लोक थोडे. प्रत्येक सुईने बापूंना दोन-चार दिवस बरं वाटत होतं आणि प्रत्येक सुईनंतर खोकला आधीपेक्षा वाईट होत होता. मला जे कळत होतं ते मी बापूंना सांगितलं.

"जंत? मला?" बापूंना हसू आलं, मग खोकला. "जंत लेकरायला व्हत्यात. तू उंदराची डॉक्टर हायस बाई, माणसाची न्हाईस. खामखा बेजार नको करू."

मी त्यांना परभणीला नेलं, छातीच्या डॉक्टरांकडे. शांत माणूस, माझा तर त्या शांतपणानेच जीव जात होता. त्यांनी रक्त बघितलं. इओसिनोफिल नावाच्या पेशी भरमसाट वाढलेल्या होत्या. त्या ॲलर्जीत वाढतात तशाच जंतांतही वाढतात. डॉक्टर म्हणाले, दोन्ही शक्य आहे. साध्या जंताच्या गोळीने हा जंत सहसा जात नाही, याचं औषध वेगळं, तेव्हा आधी शौचाचा नमुना तपासू. तोवर सुई नको. मी म्हटलं, तोवर म्हणजे कधीपर्यंत? ते म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत.

बाहेर आल्यावर बापूंनी मला अट घातली. दवाखान्याच्या पायरीवर बसून, दम घेत घेत. "तुजं ऐकतो. तपासून घे. पर रिपोर्ट साफ आला तर म्या सुई घेणार. मंग तू मधी पडायचं न्हाई."

"कबूल," मी म्हटलं. माझी इतकी खात्री होती.

नमुन्यासाठी प्रयोगशाळेने एक प्लॅस्टिकची डबी दिली होती. तिच्यावरून घरात जो गोंधळ झाला तो सांगायचा म्हणजे बापूंची अब्रू काढणं आहे, पण त्यांनीच नंतर तो अर्ध्या गावाला सांगितलाय. लेकीने बापाची असली वस्तू हातात घेऊन गाडीत बसायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. मी सांगितलं, नमुना ताजा लागतो, फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, सकाळचा सकाळीच पोचवायचा. मला तसंही त्याच दिवशी परभणीहून हैदराबादची गाडी धरायची होती, उंदरांची तपासणी चुकवून चालणार नव्हतं. बापू भिंतीकडे तोंड करून "बरं" म्हणाले. डबीचं पुढचं सगळं मायने आपल्याकडे घेतलं.

निघताना मायने मला पाटावर बसवलं. माहेरवाशीण घरातून निघते आहे, मग वटी भरायला नको? ओंजळीत तांदूळ, सुपारी, आमच्याच वावरातलं हळकुंड, कपाळाला कुंकू. गाडी चुकेल म्हणून मी पाटावर बसूनही पाय हलवत होते. मग तिने एक कापडी पिशवी दिली. आत स्टीलचा डबा, डब्यात पिशवीत गुंडाळलेली ती डबी, आणि डब्याच्या झाकणावर तुळशीचं पान. पान बघून मला हसू आलं. म्हटलं, असू दे बिचारीचं समाधान.

चुडाव्याहून परभणीपर्यंत गाडीत मला फिनेलचा वास येत होता. गाडीचा डबा धुतलाय म्हणून मी मनातल्या मनात रेल्वेचं कौतुकही केलं. परभणीच्या प्रयोगशाळेत तर सगळंच फिनेलच्या वासाचं. तिथल्या मुलीने डबी घेतली, नाव लिहिलं, मी उजव्या हाताने पाणी प्यायले, डाव्या हाताने ओटीचे तांदूळ सावरले आणि पुढची गाडी धरली.

हैदराबादला पोचून मी उंदरांकडे गेले, पण मन लागेना. ते प्रोटीन नसलेला एक उंदीर कोपऱ्यात फुगून बसलेला होता, भराभर श्वास घेत. आतड्यात त्याच्या एकही जंत उरला नसेल बहुतेक. तरी तो मरतच चालला होता. मी पिंजऱ्यापाशी उभी राहून त्याच्या बरगड्या बघत राहिले. आमच्या मॅडम म्हणाल्या, "बसून घे जरा." मला बसवेना.

रिपोर्ट फोनवर आला. जंत आढळले नाहीत.

मी तो परत परत वाचला. मग बापूंचा फोन आला, प्रयोगशाळेने त्यांनाही कळवलं होतं, आणि त्यांच्या आवाजात शिट्टीच्या वर एक विजय होता. "काय म्हन्लं व्हतं म्या? साफ हाय. उद्या रिक्षा सांगितली, पूर्ण्याला जातो, सुई घेतो. तू आता मधी पडू नको, ठरलं व्हतं."

ठरलं होतं खरं. मी म्हणाले, नमुना पुन्हा देऊ. ते म्हणाले, एकदा अब्रू गेली तेवढी पुरे. मी ओरडले. ते ओरडले. खोकला आला आणि फोन बंद झाला. ती कमरेवरची रेघ मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. मग नमुन्यात का नाही? कधी कधी पिल्लं थोडी असतात, सापडत नाहीत, हे मला माहीत होतं. कदाचित माझंच चुकलं असेल, दमाच असेल, आणि मी बापाला औषधावाचून गुदमरवते आहे, हेही डोक्यात आलं. दोन्हींतलं काहीही खरं असू शकत होतं.

मग मी मायला फोन लावला, ती मागच्या दारी असेल या बेताने.

"माय, डबी फ्रिजात तर ठिवली न्हवतीस ना?"

"फ्रिजात?" माय खरोखर दुखावली. "आगं, फ्रिजात इरजण असतंय, देवाचं लोणी असतंय. मला काय येडी समजायलीस?"

"मंग कुठं ठिवली व्हती?"

"न्हाणीपाशी. अन् तशीच न्हाई ठिवली. चांगलं फिनेल वतलं त्यात. वरून कापूर टाकला."

"फिनेल?" मी म्हटलं. तिला वाटलं मला पुरेसं वाटलं नाही, म्हणून तिने खुलासा केला. "वटी भरून निघालेली लेक तू. तुज्या हातात तशीच घाण देऊ व्हय? शास्तर हाय का न्हाई काही?"

मला हसू आलं आणि हसता हसता मी भिंतीला डोकं टेकून रडले. फ्रिजात नको सांगितलं होतं, उन्हात नको सांगितलं होतं. फिनेल ओतू नका असं सांगितलं नव्हतं. कोण सांगेल? जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने आपल्या सूचनांमध्ये हे लिहिलं नसेल, कारण ओटी भरलेल्या लेकीच्या हातात काय द्यावं आणि काय नाही, याची त्यांना काय कल्पना.

मी तिला समजावून सांगितलं. ती तपासणी कशी असते: नमुना कोमट पाण्यात ठेवतात, जिवंत पिल्लं वळवळत आपणहून खाली उतरतात, तीच बघायची. फिनेलने ती मेली. मेली म्हणून उतरली नाहीत, उतरली नाहीत म्हणून रिपोर्ट साफ आला, आणि रिपोर्ट साफ आला म्हणून बापू उद्या सुई घेणार. ही सुई शेवटची ठरू शकते, हेही मी बोलले. बोलायला नको होतं असं नंतर वाटलं, पण बोलले.

मग माय म्हणाली, "त्यायनी कपडे काढून ठिवलेत उद्याचे."

"त्यांना जाऊ देऊ नको."

"ते माजं ऐकत्यात व्हय?"

पूर्ण्याच्या त्या दवाखान्यात मी फोन लावला. कंपाउंडरने "आणा पेशंटला" एवढंच ऐकून ठेवून दिला. परत लावला, लागला नाही. बापूंनी माझा फोन घेतला नाही. मी रात्रीची गाडी धरली आणि दुसऱ्या दिवशी चुडाव्याला उतरून ऑटोवाल्याला इतकं घाईवर आणलं की तो म्हणाला, "ताई, तुमीच चालवा."

बापू घरीच होते. धुतलेलं धोतर, टोपी, खिशात पैसे, आणि चेहरा असा की हात लावला तर चटका बसेल. सकाळपासून रिक्षाची वाट बघत ओसरीत बसलेले. रिक्षा आलीच नव्हती. कशी येईल? मायने सकाळीच शेजारच्या फोनवरून रिक्षावाल्याला कळवलं होतं की मालक पाहुण्याच्या गावी मुक्कामाला गेलेत. आणि परत येऊन, काही झालंच नाही अशा तोंडाने, बापूंना चहा करून दिला होता. दर थोड्या वेळाने ती बाहेर जाऊन रस्त्याकडे बघायची आणि म्हणायची, "आजून कसा येईना बाई हा?"

मायने हे माझ्या कानात सांगितलं तशी मी बापूंसमोरच हसले आणि सगळं उघड झालं. बापू तिच्यावर गरजले. ती ऐकून घेत होती. शेवटी ती म्हणाली, "फिनेल म्या वतलं. चूक माजी हाय. मला ती निस्तरू द्या. मंग सुई घ्या, न्हाईतर काई बी घ्या." इतकं मोठं वाक्य तिने बापूंसमोर बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बापूंनी टोपी काढून बाजेवर ठेवली.

या वेळी नमुना प्रवासाला गेला नाही, बापूच गेले. परभणीला प्रयोगशाळेच्या शेजारी एका ओळखीच्यांकडे आम्ही मुक्काम केला आणि सकाळी डबी गरम गरम पोचवली. मी तिथल्या बाईंना विनंती केली, मला बघू द्या. त्यांनी खुर्ची दिली. मी उभ्यानेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

आधी काही नव्हतं. पिवळसर कचरा, धागे, बुडबुडे. मी काच सरकवली, परत सरकवली. आणि मग एका कडेने तो आला, काचेसारखा पारदर्शक, चाबकासारखा अंग झटकत. माझ्या उंदरांतले जंत मी हजारदा बघितले आहेत. त्यांच्याकडे बघून मला कधी देवाला हात जोडावेसे वाटले नाहीत. त्या दिवशी जोडले. सापडलास रे बाबा, सापडलास.

बापूंना आत बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, घातला, परत काढला. बराच वेळ बघत राहिले. खोकला आला तेव्हा तोंड बाजूला वळवलं, जणू समोरच्यावर उडेल.

"हे माज्यात व्हतं?"

"आहे. पुष्कळ आहेत."

"कवापासून?"

"माझ्या जन्माच्या आधीपासूनसुद्धा असतील. हळदीतून, तळपायातून."

ते पुन्हा वाकले. "लय चपळ हाय," एवढंच म्हणाले, आणि त्यात कौतुक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

औषधाच्या गोळ्या इतक्या साध्या की मला त्यांचा रागच आला. पहिले काही दिवस खाज वाढली, खोकला वाढला, आणि मी ओसरीतून आत, आतून ओसरीत फेऱ्या घालत राहिले. मग एका सकाळी जाग आली तेव्हा घरात काहीतरी कमी वाटलं. शिट्टी नव्हती. बापू घोरत होते, साधं, जुनं घोरणं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी छाती ऐकली, मान डोलावली आणि म्हणाले, "आता घरातल्यांचंही बघून घ्या. तीच माती, तेच वावर."

मायने हात झटकले. "मला काय धाड भरलीया? मला ना खोकला ना खाज." पण फिनेलचं ओझं अजून तिच्या मनावर होतं, म्हणून तिने मुकाट्याने डबी घेतली. काही टाकू का, असंही विचारलं नाही.

तिच्या नमुन्यात बापूंपेक्षा जास्त निघाले.

मी तो रिपोर्ट हातात घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिले. जिला कधी खोकला नाही, जिने कधी पोट धरलं नाही, जी बापूंच्या दुप्पट वेळ हळदीत वाकून खुरपत आली. आणि मला आठवलं की मागच्या वर्षी तिचे गुडघे दुखत होते तेव्हा त्याच पांढऱ्या सुईचं बोलणं निघालं होतं. तिने "असू द्या, व्हतंय कमी" म्हणून टाळलं होतं. तिने हो म्हटलं असतं तर? इतके दिवस मी बापूंच्या छातीला कान लावून बसले होते, आणि जिच्याकडे बघायला हवं होतं ती मला चहा करून देत होती.

घरी आले तेव्हा माय ओसरीत सूप घेऊन ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. खरोखर बसले, पाय न हलवता. गोळ्या तिच्या हातात दिल्या आणि सांगितलं.

"माज्यात बी?" ती म्हणाली. "मंग मला कामून काई झालं न्हाई?"

कसं सांगावं? माणसांत नेमकं कुठलं प्रोटीन किती काम करतं हे आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही, पण तिला प्रोटीन काय करायचं होतं. मी म्हटलं, "बापूंचं अंग जंतांशी भांडत होतं. म्हणून खोकला, म्हणून दम. तुझ्या अंगानं त्यांना हाकललं न्हाई, पण माजू बी दिलं न्हाई. आत आग लागली की इझवायची, परत लागली की परत इझवायची, अन् वरून काही दिसू द्यायचं न्हाई. इतकी वर्षं, माय. रोज."

तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"मंग ह्यात नवीन काय सांगायलीस?" ती म्हणाली. आतून बापूंनी चहासाठी हाक मारली, तशी गोळ्या तोंडात टाकून ती उठली.